पाणी उंबऱ्याला लागण्याआधी

संकटे दोन तऱ्हेची असतात. काही न सांगता येतात, काही सांगून येतात.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील कितीतरी गावे झोपेतच गाडली गेली. घरांच्या भिंती जाड दगडमातीच्या होत्या. वर मातीचे जड माळवद होते. ते सगळे माणसांच्या अंगावर आले. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तिथे उठून बसायलाही कोणाला सवड मिळाली नाही. अशा संकटाची तयारी घर बांधतानाच करावी लागते. तो विषय मोठा आहे, तो इथे घेत नाही.

नदीचा पूर तसा नसतो. तो निरोप धाडून येतो. आधी घाटात पाऊस लागतो. मग धरणे भरतात. मग नदी पात्र सोडते, मळीच्या रानात शिरते, मग खालची आळी, आणि मग आपला उंबरा. एवढ्या पायऱ्या चढत येणारे पाणी माणसाला बुडवते तरी कसे? हा प्रश्न आम्हाला फार वर्षे पडलेला आहे. आमची सगळी नोकरी कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या शाळांत झाली. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर आम्ही पाहिले. त्यातून जे समजले ते इथे सांगतो. तुमची नदी दुसरी असेल. पण घरातली तयारी बहुतेक सारखीच.

आधी पाणी येते कुठून ते पाहू.

कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीजवळ हरिपुराला वारणा मिळते. कोल्हापूरची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला येऊन मिळते. या साऱ्या नद्यांचे माहेर सह्याद्रीत. तिथे आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो आणि धरणे भरतात. धरण भरत आले म्हणजे पाणी सोडावे लागते. ते खालच्या गावांना पोचायला काही तास लागतात, लांबच्या गावाला एखादा दिवसही लागतो. म्हणून असे होते की आपल्या गावात उघडीप असते, चांगले ऊन पडलेले असते, आणि नदी मात्र चढत असते. "पाऊस थांबला, आता उतरंल की पाणी," असे पारावर बसून म्हणणारा माणूस आपल्या डोक्यावरचे आभाळ बघत असतो. बघायचे असते ते घाटातले.

दुसरी गोष्ट फुगवट्याची. पंचगंगेचे पाणी शेवटी कृष्णेत जायचे. पण कृष्णाच तुडुंब भरली असेल तर ती पंचगंगेला आत घेईल कशी? मग पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याचे पाणी खळाळत नाही, आवाज करीत नाही. हळूहळू चढते आणि उतरायलाही दिवसामागून दिवस घेते. नदी शांत दिसते म्हणून गाव झोपी जाते, आणि पहाटे पाय खाली टाकावा तर पाण्यात.

आता फूट आणि इंच. पुलाच्या खांबावर किंवा बंधाऱ्यावर फुटांच्या खुणा केलेल्या असतात. सांगलीला इर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पावसाळ्यात हे आकडे रोज वर्तमानपत्रात येतात, मोबाईलवर येतात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितात. ते वाचायची सवय लावून घ्या. अक्षर ओळखू लागल्याचा हा एक मोठा उपयोग आहे. मागे लोक आमच्याकडे येऊन विचारीत, "गुरुजी, आज किती फूट हाय?" आता तुम्हीच वाचून दुसऱ्याला सांगू शकता.

पण आकडा नुसता वाचून भागत नाही, तो आपल्या घराला लावून पाहावा लागतो. "एका फुटानं काय हुतंय?" असे पुष्कळांना वाटते. नदीकाठची जमीन सपाट असते. समजा, जमीन पाचशे फुटांत एक फूट चढत जाते. तर नदीचे पाणी एक फूट वाढले की ते काठापासून पाचशे फूट आत येते. एका फुटात अख्खी आळी जाते. तेव्हा एवढे ठाऊक करून घ्या की पुलापाशी किती फूट झाले म्हणजे आपल्या दारात पाणी येते. गावातल्या जाणत्या माणसांना विचारा, ग्रामसेवकाला विचारा, आणि तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने किंवा रंगाने लिहून ठेवा.

इथे आम्ही मुख्य मुद्द्याला येतो. २०१९ च्या ऑगस्टात इतकी घरे आणि इतकी माणसे अडकली ती इशारा मिळाला नाही म्हणून नाही. इशारे होते. दवंडी होती, गाड्या फिरत होत्या. पण नदीकाठच्या घराघरांतून एकच बोलणे ऐकू येत होते.

"दोन हजार पाचला बी पाणी ह्या पायरीच्या वर आलं न्हवतं. आता काय येतंय?"

"आण्णा, चला की. लोकं निघाली सगळी."

"जाऊ दे त्यांना. मला नदी कळत न्हाई व्हय?"

आण्णा खोटे बोलत नव्हते. २००५ साली त्या पायरीवर पाणी आलेच नव्हते. पण नदीला मागची खूण पाळायची सक्ती नाही. २०१९ ला इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा बारा फूट वर, आणि २००५ च्या खुणेच्याही वर. मागच्या पुराच्या हिशेबाने ज्यांनी सामान माळ्यावर टाकले, त्यांचे सामान माळ्यावर भिजले. जे स्वतः माळ्यावर चढून बसले, त्यांना कौले काढून खाली उतरवावे लागले. पुणे-बंगळूर हमरस्ता पाण्याखाली गेला. कोल्हापुरात दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना नेणारी बोट उलटली. बोटीत दाटी झाली होती. बायका-लेकरांसकट कितीतरी माणसे बुडाली. त्याच माणसांना आधी पायवाटेने चालत जाता आले असते. कोरड्या पायांनी निघता येते तोवर निघणे, ही पुरातली सगळ्यात मोठी तयारी. बाकीचे जे आम्ही पुढे सांगणार आहोत ते तिच्या खालचे.

तर घरात हे आधी बोलून ठरवावे. ज्येष्ठ महिन्यात, पहिला पाऊस पडला की एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसावे. आजी, लेकीसुना, शाळेतली पोरे सगळी. घरचा कर्ता एकटा ठरवतो आणि बाकीच्यांना ठाऊक नसते, असे होऊ नये. कारण पाणी यायचे तेव्हा कर्ता नेमका बाजाराला गेलेला असतो. बैठकीत एवढे ठरवायचे. आपल्या घराने निघायची खूण कोणती? ती धोक्याच्या खुणेच्या आधीची हवी. नदीकाठच्या देवळाची तिसरी पायरी, ओढ्यावरच्या मोरीचा कठडा, अशी डोळ्यांना दिसणारी. तिथे पाणी लागले की वाद नाही, निघायचे. जायचे कुठे? उंचावरच्या मावशीकडे की शाळेत? आजीला कोण नेणार? गुरांची दावी कोण सोडणार? घरात बाळंतीण असेल किंवा दिवस भरत आलेली सून असेल, तर तिला आठ दिवस आधीच माहेरी किंवा दवाखान्याजवळ पोचवावी. पुरात बोटीत बाळंतपण झाल्याच्या बातम्या वाचून लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला त्यात टाळ्यांसारखे काही दिसत नाही.

म्हाताऱ्या माणसाला घर सोडवत नाही, हेही आम्ही जाणतो. ज्या घरात लग्न होऊन आली, ज्या ओसरीवर नवरा गेला, ते घर टाकून परक्या शाळेच्या फरशीवर निजायचे! तिला "चल, नाहीतर बुडशील" असे दरडावून उपयोग होत नाही. तिला आधी विचारावे, की आजी, तुझ्याबरोबर काय घेऊ? देवघरातला टाक, जपाची माळ, तिची घोंगडी. या वस्तू पहिल्या पिशवीत गेल्या म्हणजे आजी निघते. आम्ही हे दोनतीन घरांत पाहिले आहे.

पाणी किती वेगाने चढते हे मोजायची एक सोपी रीत आहे. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. पाणी जिथे लागते तिथे खूण करा. तासाने पुन्हा पाहा. समजा, तासात चार इंच चढले. तुमचा उंबरा तिथून तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच उंच आहे. छत्तीसाला चाराने भागले की नऊ. नऊ तास आहेत असे दिसते. पण नऊ धरू नका, निम्मेच धरा, कारण मधे धरणातून जास्त पाणी सुटले तर वेग वाढतो. त्या साडेचार तासांत रात्र येत असेल तर दिवे लागायच्या आत बाहेर पडा. अंधारात विहीर दिसत नाही, तुटलेली वीजतार दिसत नाही. आणि एक. वाहते पाणी गुडघाभर असले तरी धडधाकट गड्याचा पाय उचलते. मोटारसायकल तर त्याहून कमी पाण्यात आडवी होते. रस्ता दिसेनासा झाला की त्याच्यावर पाऊल टाकायचे नाही, मग पलीकडे घर दिसत असले तरी.

आता पिशवी. २०१९ ला आमच्या शाळेच्या खोल्यांत पूरग्रस्त घरे राहिली होती. कोणी काय आणले ते आम्ही जवळून पाहिले. एका घराने टीव्ही उचलून आणला होता, पण म्हाताऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात राहिल्या. एकाने पितळी हंडे आणले, लेकराच्या अंगावर मात्र एकच सदरा. घाईत माणसाच्या हाताला येईल ते उचलले जाते, त्यात त्याचा दोष नाही. एक बाई मात्र बिस्किटाचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, माझं सगळं घर ह्या डब्यात हाय." सातबाराचा उतारा, रेशनकार्ड, आधारकार्डे, बँकेची पुस्तके, मुलीच्या शाळेचा दाखला, नवऱ्याच्या औषधाची चिठ्ठी. सगळे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून. बाईला वाचता येत नव्हते. म्हणून तिने नातीकडून कागद ओळखून घेऊन प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. बँकेला तांबडा, सातबाराला हिरवा. तुम्हाला दोऱ्याची गरज नाही, वर नावे लिहा. पण डबा तसाच करा.

त्या डब्याखेरीज एका पिशवीत थोडे रोख पैसे (वीज नसली की बँकेचे यंत्र चालत नाही), विजेरी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये बांधून, शिटी, प्रत्येकाला एक जोडी कपडे, बायकांची महिन्याची पडदी किंवा पॅड, आणि रोजच्या औषधांचा निदान पंधरा दिवसांचा साठा. मधुमेहाचे इन्सुलिन घेणारा कोणी असेल तर ते थंड ठेवायची सोय काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आणि एका कागदावर फोनचे आकडे. ते मोबाईलमध्ये आहेत असे म्हणू नका. मोबाईल दुसऱ्या दिवशी बंद पडतो आणि आजकाल सख्ख्या भावाचा नंबरही कोणाला पाठ नसतो. रुग्णवाहिकेला १०८, पोलीस किंवा कोणत्याही तातडीच्या मदतीला ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. हे तीन आकडे कागदावरही लिहा आणि भिंतीवरही लिहा. मुलांकडून पाठ करून घ्या.

खाण्याचे म्हणाल तर चूल न पेटवता खाता येईल असे हवे. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी. सांगलीच्या लोकांना भडंग सांगायला नको. चारपाच दिवस पुरेल एवढे पत्र्याच्या डब्यात भरून उंच ठेवावे. धान्याची पोती खाली असतील तर बियाण्याचे पोते पहिले वर चढवा. खायचे धान्य सरकार देईल, शेजारी देईल, पण घरचे निवडलेले बियाणे कोण देणार? शेणी आणि वाळकी लाकडे थोडी माळ्यावर ठेवा. पाणी ओसरल्यावर उकळायला जळण लागते, तेव्हा गावात एक काटकी कोरडी नसते.

गुरांविषयी दोन शब्द जास्त बोलावे लागतील. २०१९ ला पाणी उतरल्यावर गोठ्यांत दावणीलाच मेलेली जनावरे सापडली. म्हैस पोहते, गाय पोहते. पण गळ्यातले दावे पोहू देत नाही. ज्याची सहा महिन्यांची दुधाची कमाई त्या दाव्याला बांधली होती, तो गडी गोठ्याशी बसून राहिलेला आम्ही पाहिला. त्याला काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. तेव्हा गुरे माणसांच्या आधी हलवावीत, कारण ती हळू चालतात, पाण्यात उतरायला बिचकतात आणि बोटीत मावत नाहीत. टेकावर कोणाच्या रानात बांधायची ते त्या शेतकऱ्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा आणि थोडी वैरण तिकडे आधी टाका. अगदी काहीच जमले नाही आणि जीव घेऊन पळायचे झाले तर निदान दावी कापा आणि गोठ्याचे दार उघडे सोडा.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करायचा. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवायचा, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगते आणि नळी तुटते. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि खताची पोती उंच ठेवायची, नाहीतर ते विष पुराच्या पाण्यातून आपल्याच पिण्याच्या पाण्यात येते. दाराला कुलूप लावायचे आणि मागे वळायचे नाही. चोरीच्या भीतीने घरटी एक गडी मागे ठेवायची पद्धत आमच्याकडे आहे. ती वाईट आहे. पुढे त्या एकासाठी बोट पाठवावी लागते.

पाणी उतरले की लोकांना वाटते, सुटलो. खरे म्हणजे तिथून दुसरे संकट सुरू होते, ते आजाराचे. पुराच्या पाण्यात गावाची गटारे, संडासाचे खड्डे, मेलेली जनावरे सगळे कालवलेले असते. तेच पाणी आडात आणि नळाच्या फुटक्या नळीत शिरलेले असते. त्यातून हगवण, पटकी आणि कावीळ येते. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. २००५ साली २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतरच्या दिवसांत याच तापाने माणसे दगावली. म्हणून पुराच्या चिखलात अनवाणी उतरू नये. पायाला जखम असेल तर बांधून घ्यावी, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. ताप आला तर "पावसात भिजलो म्हणून आला" असे म्हणून घरी पडू नये. डॉक्टरांना सांगावे, की पुराच्या पाण्यातून चाललो होतो. ते सांगितल्याने डॉक्टरांना रोग ओळखता येतो. आरोग्यसेविका गोळ्या देऊन गेली तर त्या घ्याव्यात, फडताळात साठवू नयेत.

घरात पाऊल टाकताना हातात काठी असावी. भिजलेल्या अंथरुणात, कौलांखाली, चुलीच्या आडोशाला साप येऊन बसलेला असतो. तोही बिचारा पूरग्रस्तच. वस्तू हाताने न उचलता आधी काठीने हलवाव्यात. दंश झालाच तर चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. माणसाला चालू देऊ नये, दंशाचा हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ची गाडी बोलावून थेट सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास पुढे भरून निघत नाही. विजेचा खटका वायरमनने तपासल्याशिवाय वर करू नये, हेही याच वेळचे.

आता पिण्याचे पाणी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. निवळ दिसते म्हणून पुष्कळजण ते पितात. पण तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत. पाणी फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावे, मग झाकून गार करावे आणि ओगराळ्याने काढून घ्यावे. घागरीत हात बुडवला की उकळल्याचे सगळे श्रम फुकट. जळण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब आशाताईंकडे मिळतात. किती पाण्याला किती ते पाकिटावर लिहिलेले असते. ते वाचून तेवढेच टाकावे आणि अर्धा तास थांबून मग प्यावे.

आडाचे पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर लागते. साधारण १००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी आडात ओतून ढवळायचे आणि तासभर पाणी शेंदायचे नाही. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. पण तो करतो की नाही हे बघणे आपले. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. ती टाकली काय नि न टाकली काय, सारखेच. पावडर ताजी आहे का, झाकून ठेवलेली आहे का, हे ग्रामसभेत विचारायला कोणी लाजू नये.

इतके करूनही घरात लेकराला जुलाब लागले तर? पूर्वी माणसे दवाखान्याची वाट बघत, आणि पुरात दवाखान्याला वाटच नसे. जुलाबाने मूल मरते ते बहुतेक अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. ते भरून दिले की मूल वाचते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच त्यांना पाजायला लावले. जिथे शंभरात तीसजण दगावत होते, तिथे चारही दगावेनात. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून अंगात शिरते आणि मीठ आपल्यामागे पाणी ओढून नेते, एवढीच त्यातली किमया. निर्वासितांच्या आयांना जमले ते आपल्याला न जमण्यासारखे काही नाही.

ओआरएसची पुडी घरात असेल तर तिच्यावर लिहिलेले असेल तेवढ्या पाण्यात ती सगळी घालायची. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असा हिशेब करू नये. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर अपाय होतो. म्हणून आधी चव घ्यावी. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून द्यावे आणि नवे करावे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोटघोट द्यावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये, मऊ भात द्यावा. "जुलाबात पोटाला आराम द्यावा" म्हणून लेकरू उपाशी ठेवणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याशी गोड बोलून, पण त्यांचे न ऐकता, भरवावे. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर ती हळूहळू खाली बसते, किंवा शौचात रक्त दिसले, तर मग घरी थांबू नये.

राहिला पंचनामा. घर धुवायची घाई प्रत्येकाला असते. पण धुण्याआधी मोबाईलने भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, पडलेल्या भिंतीचे, भिजलेल्या पोत्यांचे फोटो काढून घ्यावेत. मेलेल्या जनावराला पुरण्याआधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवून त्यांचा दाखला घ्यावा. तलाठी येतात ते एका दिवसात अनेक घरे करायची म्हणून घाईत असतात. त्यांनाही दोष देण्यात अर्थ नाही, तेही दोन दिवस जेवलेले नसतात. पण त्यांनी कागद पुढे केला की "कर सही" म्हटल्याबरोबर सही करू नका. आजवर आपण अंगठा देत होतो, तेव्हा काय लिहिले आहे ते विचारायची सोय नव्हती. आता कागद हातात घ्या आणि सावकाश वाचा. घर कच्चे की पक्के, किती खण पडले, किती पोती गेली, किती गुरे गेली, बँकेचा खातेनंबर बरोबर आहे का. एखादी म्हैस लिहायची राहिली असेल तर "भाऊसाहेब, ही एक राहिली," म्हणून तिथल्या तिथे लिहवून घ्या, आणि मग सही करा.